हातचं पाणी

माझी पोरगी दिसेल त्याचा हात धरते. ओळखीचा असो नाहीतर नसो. रस्त्यानं चाललेल्या माणसाचा हात आपल्या दोन्ही हातांत घ्यायचा, मान वर करून त्याच्या डोळ्यांत बघायचं आणि विचारायचं, "जेवलात का?" पहाटे विचारेल, भर दुपारी विचारेल, सायकलवरून चाललेल्याला खाली उतरवून विचारेल. जेवलो म्हटलं, की "काय खाल्लंत?" आणि मग "चांगलं होतं का?" तिथून पुढं त्या माणसाची सुटका नाही.

सोळा वर्षांची आहे. अंगानं भरली, पण सदऱ्याची बटणं लावायला अर्धी सकाळ जाते. कुठं मोठा आवाज झाला की कान दाबून खाली बसते. उतार दिसला की पाय कापतात, मग माझा खांदा घट्ट धरून एकेक पाऊल टाकते. जन्मली त्या साली डॉक्टर म्हणाला होता, हिची समज अशीच राहणार, पण ही कधी कुणाला परकं म्हणणार नाही. मला वाटलं, चला, एक तरी गोष्ट चांगली सांगितली बाबानं. घरात तिला साळू म्हणतो. साळुंकीसारखी दिवसभर बडबड चालू असते म्हणून.

गावाचा तिच्यावर फार जीव आहे. असं गावच सांगतं. गिरणीत दळणाच्या रांगेत तिला गाणी म्हणायला लावतात. चहाच्या टपरीवर "साळू, तुझं लग्न कुणाशी लावायचं?" असं विचारतात. ती भोळी प्रत्येकाकडे बोट दाखवते आणि बाकड्यावरचे बापे पोट धरून हसतात. मी तिथं पोचले की सगळ्यांना एकदम आपापल्या कपात बघायची आठवण होते. फुकटचा विरंगुळा कुणाला नको असतो? पण तीच पोरगी कुणाच्या लग्नात मांडवाच्या दारात उभी राहून हात धरायला लागली, की मागच्या मागं मला निरोप येतो, हिला घरी ने.

यंदा विहिरींनी तळ गाठला. सगळ्यांची मदार पाटाच्या पाण्यावर, आणि आमचा कांदा पाटाच्या अगदी शेपटाला. त्यात घरातला कर्ता माणूस आडवा पडलेला. छपराचे पत्रे बदलताना खाली आला आणि पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये गेला. खाटेवर पडून काडीनं प्लास्टरच्या आत खाजवत बसायचं आणि मला सूचना द्यायच्या, एवढंच काम त्याला उरलेलं. खुरपणी माझी, खत माझं, पाणी माझं.

पाण्याचं काम एकट्या माणसाचं नाही. वर फाट्यावर पाट फुटतो, तिथून ज्याच्या त्याच्या रानाला चारी जाते. ज्याची पाळी त्याच्या चारीचं तोंड उघडं, बाकीच्यांची चिखल आणि पोती घालून बंद. खाली वाफ्यांत एकानं फावडं घेऊन दारं धरायची, एक वाफा भरला की त्याचं दार मोडून दुसऱ्याचं उघडायचं. आणि वर फाट्यावर त्याच घरच्या माणसानं बसून राहायचं. तिथं घरचं माणूस नसेल तर पाळी मोकळी धरतात आणि पाणी पुढच्याला जातं. मग मी काय करणार? मी खाली राहिले आणि साळूला फाट्यावरच्या दगडावर बसवलं. माणूस दिसलं की चोर येत नाही, एवढंच माझं गणित. चोर आला तर हीच त्याला "या, बसा" म्हणेल, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

एका पाळीला पाणी बारीक झालं. पाटकऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, वरूनच कमी सोडलंय. पाटकरी म्हणजे पाटाच्या पाण्याचा राखणदार. सगळे त्याला मामा म्हणतात. मी मामावर विश्वास ठेवला. पुढच्या पाळीला माझे निम्मे वाफे भिजले आणि चारीतलं पाणी करंगळीएवढं झालं. शेवटच्या वाफ्यांतली पात शेंड्याकडून पिवळी पडत चालली होती. कांदा धरायचे दिवस, आत्ता पाणी नाही मिळालं तर लिंबाएवढा राहणार. मी फावडं तिथंच टाकलं आणि चारीच्या कडेकडेनं वर निघाले. ऊन असं, की बांधावरची माती चपलेतून भाजत होती.

फाट्यावर साळू दगडावर बसून गाणं म्हणत होती. शेजारी इंजिनवाला बसला होता, मांडीवर ताल धरून. आमच्या वरच्या रानाचा मालक. त्याच्या विहिरीवर मोठं इंजिन आहे, म्हणून हे नाव. यंदा विहीर कोरडी, इंजिन गप्प, पण नाव काही गेलं नाही. त्याच्या चारीचं पोतं बाजूला काढलेलं आणि माझं पाणी खळखळत त्याच्या वांग्यांत चाललेलं. साळूचे हात कोपरापर्यंत चिखलानं भरलेले होते.

"आई," ती मला बघून आनंदानं म्हणाली, "काकांची वांगी तहानली होती. मी दार उघडलं. एकटीनं."

इंजिनवाला सावकाश उठला, पाठचं धोतर झटकलं.

"वहिनी, चोरी नाही हां. हातचं पाणी आहे. पोरगीनं आपल्या हातानं दिलंय, मी मातीला बोटसुद्धा लावलेलं नाही."

हातचं पाणी ही आमच्या पाटावरची जुनी रीत. कुणाचं रोप सुकत असेल, कुणाचा एखादा वाफा राहिला असेल, तर पाळीवाला आपल्या हातानं त्याच्या चारीचं दार उघडून देतो. तसं दिलेलं पाणी चोरीचं नाही, त्यावर तक्रार नाही, ते परत मागायचं नाही. दुसऱ्याच्या पाळीत आपलं दार स्वतः फोडलं तर मात्र फोडणाऱ्याची पाळी जाते. अडल्यानडल्या शेजाऱ्यासाठी केलेली रीत. त्या शहाण्यानं ती माझ्या पोरीवर लावली.

"भाऊजी, तिला काय कळतंय?" मी म्हटलं.

"न कळायला काय झालं? छान गाते की."

मी त्याचं दार बुजवलं. पोतं नीट बसेना. तो उभा राहून बघत होता, आणि साळू मध्ये येऊन त्याचा हात धरून विचारत होती, "काका, उद्या पण याल ना?"

मी तशीच तिला घेऊन मामाच्या चौकीवर गेले. चौकी म्हणजे फाट्याच्या वरच्या अंगाला एक खोली आणि पुढं पिंपळाचा पार. पाळीची वाट बघणारे पाच-सहा जण तिथं नेहमी पसरलेले असतात. मी घडलं ते सांगितलं. इंजिनवालाही मागोमाग आला आणि अगदी गरीब चेहरा करून उभा राहिला.

"मी आपला वांगी बघायला गेलो होतो, मामा. पोरीनं आपणहून दार उघडलं. आता लेकरानं प्रेमानं दिलं, त्याला मी नको कसं म्हणू?"

इकडं साळूची फेरी सुरू झालेली. एकेकाचा हात धरायचा, जेवलात का विचारायचं. पारावर हशा. फिरत फिरत ती इंजिनवाल्याकडे आली आणि त्याचा हात हलवत म्हणाली, "काका, तुम्ही म्हणाला होता, आईला सांगायचं नाही. मी नाही सांगितलं. आईनं आपलं आपणच बघितलं."

मला वाटलं, आता तरी कुणी बोलेल. मामानं तंबाखू मळली, तोंडात टाकली आणि पलीकडे बघत म्हणाला, "ते काही असू दे. हात तुझ्या घरचा होता. रीत ती रीत."

"आणि मागच्या पाळीला वरून कमी सोडलं होतं म्हणालास, तेही रीतच का?"

"आवाज चढवू नकोस. पोरगी सांभाळता येत नसेल तर घरात ठेव. अशी पोर मोकळी सोडतात होय? पाळीच्या दिवशी दोराला बांध, प्रश्न मिटला."

"शेरडूसुद्धा बांधतोच की आपण," कुणीतरी मागून म्हणालं. पुन्हा हशा. साळू पण हसली. सगळे हसतात तेव्हा तिला फार बरं वाटतं.

माझं अंग नुसतं पेटलं होतं. हिच्याकडून गाणी म्हणवून घेताना ती मोकळी हवी, पाणी काढून घेताना मोकळी हवी, आणि जाब विचारला की दोर. एक बिस्किट तरी दिलं होतं का त्यानं तिला? नाही. बिस्किटसुद्धा लागत नाही तिला. "बस माझ्याजवळ" म्हटलं की पुरे. जी गोष्ट तिला कुणी कधी म्हणत नाही, ती त्यानं म्हटली आणि माझे वाफे नेले.

घरी आले, तर नवऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि छताकडे बघत म्हणाला, "मामा वाईट काय म्हणाला? पाळीपुरतं खुंट्याला बांधलं तर काय मरते का? तिचंही भलं. उद्या कुणी दुसऱ्याच कामासाठी हाक मारली तर तशीच जाईल."

ते काय मला माहीत नव्हतं? ती न्हाती झाल्यापासून मला एक दिवस सुखाची झोप नाही. पण भीती माझी आणि खुंटा तिला, हे मला पटेना. खाटेखाली दोर पडला होता, तो उचलला आणि चुलीत घातला. नायलॉनचा निघाला. घरभर घाण वास सुटला, नवरा खोकत राहिला आणि मी दार उघडायला गेले नाही.

मग मी तिला 'नाही' म्हणायला शिकवायला बसले. खुरपताना, भाकरी थापताना, डोकं विंचरताना. "काका पाणी मागतील, तू काय म्हणणार?" "देते." "नाही म्हणायचं. म्हण, नाही." "नाही." "हां. आता मी काका. साळू, पाणी दे गं." ती माझा हात धरायची, चेहरा गोड करायची आणि म्हणायची, "घ्या." मी एकदा कंगवा आपटला. म्हटलं, "तुझ्यापायी आपला कांदा उपाशी आहे, कळतंय का? उपाशी." तिचे डोळे भरले. रडत नाही ती सहसा, पण कुणी उपाशी आहे म्हटलं की तिला सोसत नाही. बांधाच्या कडेला बसून पिवळ्या पातीवरून हात फिरवत राहिली.

पुढं इंजिनवाल्याची पाळी आली. त्याची बायको माहेरी गेलेली, तो खाली वांग्यांत दारं धरायला. मग फाट्यावर त्यानं आपल्या म्हाताऱ्या बापाला नेऊन बसवलं. म्हाताऱ्याची आठवण गेलीय. जेवून उठला की पुन्हा ताट मागतो, तेच तेच विचारतो, म्हणून त्याच्याजवळ कुणी थांबत नाही. माणूस दिसलं म्हणजे झालं, असं त्यालाही वाटलं असणार. माझीच चूक त्यानं उचलली, आणि ती कुठं नेते हे स्वतः बघून झाल्यावर उचलली.

मी आमच्या रानात गवत काढत होते. मान वर केली तर साळू नाही. खुरपं टाकून वर पळाले, आणि अर्ध्या वाटेत पाय थबकले. आमच्या कोरड्या चारीतून पाणी येत होतं. पुढं वाळका पाला, फेस आणि मुंग्या ढकलत, मागं गढूळ, भरून.

फाट्यावर म्हातारा घोट्यापर्यंत चिखलात उभा होता. हात काळे, तोंडभर हसू. साळू दगडावर बसून टाळ्या वाजवत होती.

"ये बाई," म्हातारा मला म्हणाला. "या पोरीनं मला विचारलं, जेवलात का. मी म्हटलं, आठवत नाही. मग मी तिला विचारलं, तू जेवलीस का? तर म्हणते, मी जेवले, पण आमचा कांदा उपाशी आहे. मग द्यायला नको?"

मला दार बुजवता आलं असतं. हाताशी पोतं होतं, फावडं होतं. मी म्हाताऱ्याच्या पाया पडले, फावडं उचललं आणि खाली पळाले. एकेक वाफा काठोकाठ भरला. शेवटच्या वाफ्याला पाणी लागलं तेव्हा माती पाणी पिताना चर्र आवाज करत होती आणि मी चिखलात उभी राहून एकटीच इंजिनवाल्याला शिव्या देत होते. फार बरं वाटत होतं.

त्याला कळलं तेव्हा तो फाट्यावर धावत आला आणि आधी म्हाताऱ्याच्या दंडाला धरून गदागदा हलवलं. म्हातारा कावराबावरा झाला. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"भाऊजी, हातचं पाणी आहे. पोरीनं मातीला बोट लावलेलं नाही. वाटलं तर हात बघा तिचे."

साळूनं लगेच दोन्ही हात पुढं केले. स्वच्छ होते.

आणि मग मी बघितलं, रीत किती झटपट बदलते ते. माझे दोन पाळ्यांचे वाफे वाळले तेव्हा जी दगडावरची रेघ होती, ती त्याची वांगी कोरडी राहिली तशी संध्याकाळच्या आत पुसली. पारावर सगळे जमले. मामानं घसा खाकरला आणि सांगितलं, "इथून पुढं ज्याला कळतं त्याचाच हात धरायचा. म्हाताऱ्याचा हात चालणार नाही, आणि हिचाही चालणार नाही. फाट्यावर बसायलाही नाही." साळू त्याच्यापुढंच उभी होती, त्याचा हात धरायला आलेली. त्यानं आपला हात मागं घेतला आणि लहान मुलाला सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं, "तुझा हात चालत नाही. कळलं?"

माझा फायदाच झाला म्हणायचा. आता तिच्याकडून कुणी पाणी काढणार नव्हतं. कांदा सावरला, पात हिरवी झाली. पुढच्या पाळीला नवऱ्याला कुबड्यांवर रखडत नेऊन फाट्यावर बसवलं, तोही बिनबोभाट बसला. सगळं माझ्या मनासारखं झालं होतं.

फक्त साळू दोन्ही हात पाठीमागं ठेवून चालायला लागली. मला आधी वाटलं, नवीन खेळ. मग टपरीवाला म्हणाला, "वहिनी, साळूनं हल्ली हात धरायचं सोडलं. विचारलं तर म्हणते, माझा हात चालत नाही, मामा म्हणाले." तो हसतच सांगत होता. माझ्याकडे बघितल्यावर थांबला. घरी मी तिचे हात पुढं ओढले, तर तिनं पुन्हा मागं नेले. जेवताना तेवढे काढायची. एवढे दिवस मी 'नाही' शिकवत होते ते तिला आलं नाही, आणि त्याचं एक वाक्य मात्र तिनं पक्कं धरलं.

त्यानंतर एका सकाळी आम्ही रानात निघालो. बांधाच्या उतारावर मी खांदा पुढं केला. तिनं धरला नाही. पाय कापत होते, ओठ घट्ट आवळलेले, हात पाठीमागं. मी "धर की" म्हणेपर्यंत गेली घसरत. पडतानाही तिनं हात पुढं केले नाहीत. हनुवटी दगडावर फुटली.

मी पदर फाडून तिची हनुवटी बांधली. ती एवढंच म्हणाली, "आई, मी हात नाही वापरला." मी फावडं उचललं आणि तिच्या दंडाला धरून तिला सरळ पारावर नेलं. मामा होता, इंजिनवाला होता, बाकीचेही होते. चिठ्ठ्या टाकून पाळ्या ठरवत होते. मी वाटेत मध्येच उभी राहिले.

"हिचा हात धरा," मी म्हटलं.

"काय झालं गं? रक्त कसलं ते?" मामा उठला.

"हिचा हात चालत नाही म्हणालास ना? ती पडताना तो तिनं जमिनीला टेकवला नाही. तुझं ऐकलं तिनं. आता उठ आणि धर."

"अगं, मी पाण्याचं बोललो होतो."

"तिला काय पाण्याचा एक आणि माणसांचा एक, असे वेगळे हात आहेत?"

कुणी हसलं नाही. मामानं हात पुढं केला. साळूनं आपले मागंच ठेवले आणि माझ्याकडे बघितलं. "तूच सांग तिला," मी म्हटलं. मामानं खाली बघत सांगितलं, "चालतो. तुझा हात चालतो, पोरी." तेव्हा तिनं हळूच एक हात काढला, मग दुसरा, आणि त्याचा हात धरला. "मामा, जेवलात का?" हनुवटी बांधलेली, त्यामुळे शब्द बोबडे येत होते. मामा जेवला होता. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. एकेक जण उठत होता, हात देत होता, फावड्याकडे बघत होता. शेरडाचं बोलणारा कोण होता ते मला ठाऊक नव्हतं. त्याचाही हात त्यातच आला असणार.

शेवटी इंजिनवाला राहिला. तो चप्पल घालून निघतच होता. साळूनं त्याला गाठलं.

"काका, जेवलात का?"

"जेवलो."

"काय खाल्लंत?"

"भात," तो माझ्याकडे न बघता म्हणाला.

"चांगला होता का?"

"होता, होता." त्यानं हात ओढायला बघितलं.

"भाऊजी," मी म्हटलं, "आता तुम्ही विचारा तिला. इतकी वर्षं ती सगळ्यांना विचारते. तुमच्या म्हाताऱ्यानं तेवढं तिला उलट विचारलं, आणि त्याला तर स्वतःचं जेवण आठवत नाही."

तो कसंबसं म्हणाला, "जेवलीस का?"

साळूचा चेहरा असा फुलला, की माझाच राग मला आवरेना. "नाही," ती म्हणाली, "मी सकाळपासून पडलेय." आणि तिनं त्याचा हात दोन्ही हातांनी गच्च धरला. "चला काका, तुमच्या घरी जेवू. आजोबांना पण वाढू. ते विसरतात."

तो हात सोडवायला लागला. ती सोडेना. त्यानं माझ्याकडे बघितलं, म्हणजे मी येऊन सोडवावा. मी जागची हलले नाही.